चहा कोणत्या रकान्यात? ब्रिटिश चालीरीतींवर सिनॉप्सिस लिहिण्याआधी

पेट पास झाली, कोर्सवर्क संपलं, आता सिनॉप्सिस. इंग्रजी विषयात असाल तर या टप्प्यावर एक विषय हमखास समोर येतो : ‘इंग्रजीच्या पुस्तकांतील ब्रिटिश संस्कृतीचे चित्रण’. कुणीतरी सीनियर सुचवतो, शोधगंगेवर नमुने सापडतात, आणि विषय दिसतोही सोपा. पुस्तकं हाताशी असतात. गावोगाव फिरून फॉर्म भरून घ्यायला नकोत. मोजायचं, तक्ते करायचे, निष्कर्ष काढायचा.

मीही हाच विषय घेतला होता. म्हणून आजची टीका आधी माझ्या स्वतःच्या कामावर आहे, मग इतरांच्या.

मी एक वही आखली होती. तीन रकाने : ब्रिटिश, भारतीय, इतर. पाठात पीटर आला की पहिला रकाना, रमेश आला की दुसरा. ख्रिसमस पहिला, दिवाळी दुसरा. हे रकाने माझ्या डोक्यातून आलेले नव्हते. मार्टिन कोर्टाझी आणि लिशियन जिन यांनी १९९९ मध्ये भाषेच्या पाठ्यपुस्तकांचं असंच तीन प्रकारांत वर्गीकरण मांडलं : शिकणाऱ्याची स्वतःची संस्कृती, शिकायच्या भाषेची संस्कृती, आणि या दोन्हींपलीकडचं जग. ही विभागणी सुटसुटीत आहे, त्यामुळे जगभर वापरली जाते. मी ती उचलली आणि मोजत बसले. आठ महिने.

समितीसमोर सादरीकरण झालं. बाहेरून आलेल्या एका सरांनी तक्ता शांतपणे पाहिला. एका पाठात पीटरची आई चारच्या सुमारास चहा करते. तो चहा मी ‘ब्रिटिश’मध्ये टाकला होता. सर म्हणाले, “मॅडम, आत्ता बाहेर टपरीवर तुम्ही जो चहा घेतला, तो कोणत्या रकान्यात घालायचा?” सगळे हसले. मीही हसले. पण नांदेडहून लातूरला परत येताना लोहा गेलं, अहमदपूर गेलं, तरी तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. आठ महिन्यांचं काम एका कप चहात बुडालं होतं.

चहाचंच घेऊ. ‘इंग्रज लोक दुपारी चारला चहा घेतात’ हे वाक्य इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकात असं येतं, जणू सूर्य पूर्वेला उगवतो. पण या प्रथेला जन्मतारीख आहे. चहा इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या मध्यास पोचला, तोही चीनमधून, आणि तेव्हा तो श्रीमंतांचा शौक होता. दुपारचा चहा ही चाल साधारण १८४० च्या आसपासची. बेडफर्डची डचेस ॲना हिच्या नावावर ती सांगितली जाते. त्या चहात पडणारी साखर कॅरिबियन बेटांवरच्या उसाची होती आणि तो ऊस पिढ्यान्‌पिढ्या गुलामांनी पिकवला होता. सिडनी मिंट्झचं ‘स्वीटनेस अँड पॉवर’ हे १९८५ चं पुस्तक याच साखरेवर आहे. लातूरच्या माणसाने तर ते वाचायलाच हवं, ऊस आपल्याला काही परका नाही. आणि चीनकडून चहा घ्यायला पैसा कुठून आला? मोठा भाग हिंदुस्थानातल्या अफूतून. कंपनी कलकत्त्यात अफूचा लिलाव करायची, व्यापारी ती चोरून चीनमध्ये उतरवायचे, आणि त्या पैशावर चहाची खरेदी चालायची. पहिलं अफूयुद्ध १८३९ ते १८४२. आसामचा चहा पहिल्यांदा लंडनच्या लिलावात आला तो १८३९ मध्ये. म्हणजे डचेसबाई दुपारचा चहा घ्यायला लागल्या त्याच काळात हे सगळं चाललं होतं.

आणि आपला चहा? तोही फार जुना नाही. भारतातल्या सामान्य माणसाला चहाची सवय लागावी म्हणून चहा उद्योगाने विसाव्या शतकात रीतसर प्रचार केला. दूध, साखर, आलं घालून उकळलेला आपला चहा हा त्या प्रचाराच्या सूचना बाजूला सारून लोकांनी केलेला प्रकार आहे. आता सांगा, पीटरच्या आईचा चहा कोणत्या रकान्यात?

मुद्दा चहाचा नाही, रकान्याचा आहे. रकाना आखला की आपण गृहीत धरतो की संस्कृती ही वस्तूंची यादी आहे आणि प्रत्येक वस्तूला एकच मालक आहे. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यानेही तेच गृहीत धरलेलं असतं. म्हणजे ज्याची चिकित्सा करायची त्याचीच समजूत आपण पद्धत म्हणून वापरतो. माझ्या तक्त्याचा खरा दोष हा होता, बेरजेतली चूक नव्हे.

यातून बाहेर पडायला मला एका पुस्तकाने मदत केली : एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी संपादित केलेलं ‘दि इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन’, १९८३. ज्या परंपरा अनादि वाटतात त्यातल्या बऱ्याच गेल्या दीड-दोनशे वर्षांत मुद्दाम घडवलेल्या आहेत, असं हे पुस्तक दाखवतं. स्कॉटलंडचा किल्ट घ्या. ह्यू ट्रेव्हर-रोपर यांच्या लेखानुसार आज दिसतो तो आखूड किल्ट अठराव्या शतकात एका इंग्रज कारखानदाराने कामगारांच्या सोयीसाठी काढला. ख्रिसमसचं आजचं रूपही व्हिक्टोरियन काळातलं : डिकन्सची प्रसिद्ध ख्रिसमस कथा आणि पहिलं छापील ख्रिसमस कार्ड, दोन्ही १८४३ चे, राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं सजवलेल्या झाडाभोवतीचं चित्र १८४८ मध्ये छापून आलं आणि झाड घरोघर गेलं. याच पुस्तकात बर्नार्ड कोन यांचा १८७७ च्या दिल्ली दरबारावरचा लेख आहे. भारतात ‘परंपरा’ कशी बसवली गेली हे पाहायचं असेल तर सुरुवात तिथून करा.

पण एक सावधगिरी. हे पुस्तक वाचलं की पुढचे दोन महिने आपल्याला सगळंच ‘घडवलेलं’ दिसायला लागतं, आणि प्रत्येक पानावर ‘ही प्रथा खोटी आहे’ असं लिहावंसं वाटतं. घडवलेली म्हणजे खोटी नव्हे. रेंजर यांनी स्वतः दहा वर्षांनी आपल्या लेखाची फेरतपासणी केली आणि ‘इन्व्हेन्शन’ हा शब्द आफ्रिकेच्या बाबतीत अपुरा पडतो असं मान्य केलं. एखादा ग्रंथ उद्धृत करताना त्याच्या लेखकाने पुढे काय म्हटलं हे बघायची सवय लावून घ्या. व्हायव्हात याच ठिकाणी पकडतात.

आता रांगेकडे येऊ. स्पोकन इंग्लिशच्या पुस्तकात रांग असतेच, आणि क्लासमध्ये ती शिकवताना सर हमखास म्हणतात, “त्यांच्याकडे शिस्त आहे, आपल्याकडे नाही.” नांदेड किंवा लातूरच्या एसटी स्टँडवर सणासुदीला उभं राहिलेल्या कुणालाही हे पटेल. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल, पिशवी, कधी चक्क लेकरू आत जातं. पण नीट बघा. रुमाल टाकलेल्या सीटवर दुसरा सहसा बसत नाही. बसलाच तर “रुमाल होता ना इथं!” एवढं वाक्य पुरतं, आणि आजूबाजूचे चार जण रुमालवाल्याच्या बाजूने बोलतात. हा नियम आहे. लिहिलेला नाही, पण पाळला जातो, मोडला तर भांडण होतं. फक्त तो रांगेचा नियम नाही.

ब्रिटिश रांगेचंही असंच आहे. ती जगप्रसिद्ध करण्यात जॉर्ज माइक्स या लेखकाचा मोठा वाटा. हा माणूस हंगेरीतून आलेला स्थलांतरित, आणि त्याचं ‘हाऊ टु बी ॲन एलियन’ हे १९४६ चं पुस्तक विनोदी आहे. एका परक्या माणसाने गमतीने लिहिलेली गोष्ट पुढे इंग्रजांचा स्थायी गुणधर्म झाली. केट फॉक्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी मात्र दुसरा रस्ता धरला. ‘वॉचिंग दि इंग्लिश’ (२००४) साठी त्या मुद्दाम लोकांना धक्के देत फिरल्या, किती जण ‘सॉरी’ म्हणतात हे पाहायला; रांगेत मुद्दाम घुसल्या, लोक काय करतात हे पाहायला. पुस्तक खुमासदार आहे आणि कधीकधी सगळ्या इंग्रजांना एकाच मापाने मोजतं, ही त्याची मर्यादा. पण पाठ्यपुस्तकातलं वाक्य आणि प्रत्यक्ष वागणं यात फरक असतो, तो बघायला घराबाहेर पडावं लागतं, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे. माझ्या वहीत हेच नव्हतं.

इथे मराठवाड्याचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते आपल्या भागातल्या सिनॉप्सिसांचा सगळ्यात कच्चा दुवा हाच आहे. दुसरं प्रकरण बहुतेक ठरलेलं असतं : मेकॉलेचं १८३५ चं टिपण, मग गौरी विश्वनाथन यांचं ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ (१९८९), मग रॉबर्ट फिलिप्सन यांचं ‘लिंग्विस्टिक इम्पीरिअलिझम’ (१९९२). दोन्ही पुस्तकं मोलाची आहेत. इंग्रजी साहित्य हा अभ्यासविषय म्हणून इंग्लंडच्या आधी हिंदुस्थानात उभा राहिला आणि त्यामागे राज्य चालवण्याची गरज होती, हे विश्वनाथन यांनी कागदपत्रांच्या आधारे मांडलं. प्रश्न असा की ते कागद कुठले आहेत? मुख्यतः कंपनीच्या मुलखातले. कलकत्ता, मद्रास, मुंबई.

नांदेड आणि लातूर त्या मुलखात नव्हते. ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. तिथे राज्यकारभाराची भाषा आधी फारसी, मग उर्दू. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उभं राहिलं ते उर्दू माध्यमातून शिकवण्यासाठी. त्यासाठी भाषांतराचं स्वतंत्र खातं काढून शास्त्रांची पुस्तकं उर्दूत आणली गेली. इंग्रजी तिथे सक्तीचा विषय होती, पण माध्यम नव्हती. म्हणजे १९३० च्या सुमारास नांदेडच्या मराठी मुलाला सत्तेची भाषा म्हणून जी भेटत होती ती उर्दू. मराठीतून शिकवणाऱ्या खासगी शाळा काढणं हीच तेव्हा चळवळ होती. ज्यांचं नाव आपल्या विद्यापीठाला आहे ते स्वामी रामानंद तीर्थ स्वतः हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळांतून काम करत राजकारणात आले.

मग मेकॉलेला इथे जसाच्या तसा कसा चिकटवणार? ‘ब्रिटिशांनी आपल्यावर इंग्रजी लादली’ हे वाक्य पुण्याच्या प्रबंधात एका अर्थाने खरं आहे, नांदेडच्या प्रबंधात ते आधी सिद्ध करावं लागेल. याचा अर्थ इंग्रज इथे नव्हते असा नाही. हैदराबादला त्यांचा रेसिडेंट होता, सिकंदराबादेत छावणी होती, निजाम त्यांच्या मर्जीबाहेर फारसा जाऊ शकत नव्हता. पण ही सत्ता एक पायरी लांबून येत होती. आपल्याकडे गावपातळीपर्यंत इंग्रजी पोचली ती बऱ्याच अंशी स्वातंत्र्यानंतर, आपल्याच सरकारच्या शाळांमधून. पहिलीपासून इंग्रजी तर राज्यात २००० साली आली. लातूरचा पालक आज पोटाला चिमटा काढून मुलाला इंग्रजी माध्यमात घालतो, त्यात लादणारा कोण हे शोधायला १८३५ पुरत नाही.

माझ्या मते हा आपल्या भागाचा तोटा नाही, संशोधनाची जागा आहे. सिद्धांत जिथे बसत नाही तिथेच आपल्याला काही नवीन सांगता येतं. पण बहुतेक जण (मी धरून) न बसणारा भाग दाबून बसवतात.

एक लहान उदाहरण देते, आणि मग माझा नवा विषय कुठून सुचला तेही सांगते. मराठीत ‘प्लीज’ला काय म्हणतात? ‘कृपया’, असं लगेच उत्तर येईल. पण ‘कृपया’ बोलतं कोण? पाटी बोलते. ‘कृपया चपला बाहेर काढाव्यात.’ रेल्वे स्टेशनवरची बाई बोलते. घरात कुणी ‘आई, कृपया पाणी दे’ म्हणालं तर आई कपाळाला हात लावून ताप बघेल. थोडं जुनं वळण म्हणजे ‘मेहेरबानी करून’. हा फारसीतून आलेला शब्द. अर्जावर आपण ‘मे. तहसीलदार साहेब’ लिहितो त्यातला ‘मे.’ म्हणजे मेहेरबान. मला वाटलं, सापडलं, निजामाच्या राजवटीची खूण! मग लक्षात आलं की ‘मेहेरबान’ पुण्याच्या जुन्या पत्रव्यवहारातही भरपूर आहे. दाबून बसवायची खोड अशी असते.

मग आपण विनंती करतो कशी? क्रियापदातून. ‘दे’, ‘द्या’, ‘द्यावं’, ‘देता का?’, ‘द्याल का?’ एवढ्या पायऱ्या तिथेच आहेत. शिवाय ‘जरा’, ‘तेवढं’, ‘ना’, ‘की’. ‘तेवढं दार लावा ना’ यातलं ‘तेवढं’ काय करतं हे इंग्रजीत सांगून बघा. काम लहान आहे, तुम्हाला त्रास नाही, असं ते आधीच सांगून टाकतं. निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. आभार? घरच्या माणसाला ‘थँक्यू’ म्हटलं तर तो म्हणतो, “परका झालो का मी?” जवळच्याचे आभार मानणं म्हणजे त्याला लांब ढकलणं.

आता स्पोकन इंग्लिशच्या वर्गात काय होतं बघा. फळ्यावर तीन शब्द : प्लीज, सॉरी, थँक्यू. आणि सोबत एक वाक्य : “आपल्या लोकांना मॅनर्स नाहीत.” मी स्वतः हे वाक्य बाकावर बसून ऐकलं आहे, आणि खरं सांगते, तेव्हा मान डोलावली आहे. मुखेड, औसा, निलंगा, कंधार इथून आलेली पोरं, ज्यांच्या घरी पाहुण्याला पाणी दिल्याशिवाय नाव विचारत नाहीत, ती वहीत लिहून घेतात की आपल्याला मॅनर्स नाहीत. ब्रिटिश चालीरीती शिकवण्यात मला काही वावगं वाटत नाही. भाषा शिकायची तर ती बोलणारी माणसं कशी वागतात हे कळायला हवं. पण परक्याची रीत सांगता सांगता ती आपलं माप होते, आणि मुलं त्या मापात स्वतःला कमी भरतात. माझ्या तक्त्यात हे कुठेच दिसलं नसतं. तक्त्यात ‘प्लीज’ हा फक्त एक आकडा होता.

गंमत म्हणजे तो नियम ब्रिटिश इंग्रजीतही धड चालत नाही. सीएचबीवर तासिका घेत असताना एक विद्यार्थी माझ्याकडे पुस्तक मागायला आला. म्हणाला, “मॅडम, प्लीज गिव्ह मी युवर बुक, नो.” नियमाप्रमाणे ‘प्लीज’ आहे. तरीही इंग्रज माणसाच्या कानाला हा हुकूमच वाटेल, कारण तिथे मोठ्या माणसाकडे काही मागायचं तर ‘कुड आय बॉरो’ अशी वाट धरावी लागते : तुम्ही द्या असं नाही, मी घेऊ शकते का. आणि शेवटचा ‘नो’ कुठून आला? ‘मॅडम, तुमचं पुस्तक द्या ना.’ त्याने आपल्या ‘ना’ची सगळी नम्रता ‘नो’मध्ये भरली होती. मराठी कानाने ऐकलं तर ते वाक्य अतिशय अदबीचं होतं.

याला अभ्यासात नाव आहे. जेनी थॉमस यांनी १९८३ च्या लेखात दोन प्रकारच्या चुका वेगळ्या केल्या : एक, जिथे आपल्या भाषेतली रचना तशीच उचलून नेल्याने हेतू चुकीचा पोचतो, आणि दुसरी, जिथे कुणाशी किती अदबीने वागायचं याची समजूतच दोन समाजांत वेगळी असते. ‘नो’ पहिल्या प्रकारात जातो. घरच्याला थँक्यू न म्हणणं दुसऱ्या प्रकारात. थॉमस यांचा एक इशारा मला फार महत्त्वाचा वाटतो : पहिली चूक व्याकरणासारखी सुधारता येते, पण दुसरी सुधारायला जाणं म्हणजे माणसाच्या मूल्यांत हात घालणं. आपल्या क्लासमध्ये नेमकं उलटं होतं. ‘ना’चं ‘नो’ कुणी समजावून सांगत नाही, आणि मूल्यांवर मात्र सरळ हात पडतो.

नम्रतेवर वाचायचं तर पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांच्यापासून सुरुवात करावी लागते. मूळ मांडणी १९७८ ची, पुस्तकरूपात १९८७. बहुतेक जण या दोघांना ‘पाश्चात्त्य सिद्धांत’ म्हणून बाजूला ठेवतात, पण त्यांनी ज्या तीन भाषांवर काम केलं त्यातली एक तमिळ आहे, तमिळनाडूतल्या एका खेड्यात राहून गोळा केलेली. इंग्रजीखेरीज तिसरी मेक्सिकोतली त्सेल्ताल. त्यांच्यावर खरी टीका जपानी अभ्यासकांनी केली. साचिको इदे यांचं म्हणणं, जपानीत अदब ही बोलणाऱ्याची निवड नसते, नातं आणि जागा बघून ती पाळावीच लागते. मराठीचं काय? ‘तू’ की ‘तुम्ही’ हे ठरवल्याशिवाय आपलं वाक्यच उभं राहत नाही, म्हणजे इदे यांची बाजू. पण ‘तेवढं’ आणि ‘ना’ घालायचं की नाही ही आपली निवड, म्हणजे ब्राउन-लेव्हिन्सन यांची. शिवाय मराठवाड्यात आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ असं अनेक घरांत चालतं. यावर कुणी काम करणार असेल तर मला जरूर सांगा, मला वाचायचं आहे.

असं काम करायचं कसं, हा पुढचा प्रश्न. एक रुळलेली पद्धत आहे : प्रसंग लिहून द्यायचा आणि तिथे तुम्ही काय बोलाल ते लिहायला सांगायचं. ब्लुम-कुल्का, हाऊस आणि कास्पर यांचा १९८९ चा प्रकल्प या पद्धतीसाठी प्रसिद्ध आहे. सोय मोठी, पण धोका असा की लिहिताना माणूस शहाणा होतो. कागदावर ‘वुड यू माइंड’ लिहिणारा विद्यार्थी तोंडाने ‘गिव्ह नो’च म्हणतो. शिवाय त्यांचे प्रसंग तसेच भाषांतरित करू नका. ‘फ्लॅटमधल्या सोबत्याने स्वयंपाकघर घाण ठेवलं’ हा प्रसंग वसतिगृहात मेसचा डबा खाणाऱ्या मुलाला काय कळणार? प्रसंग आपले घ्या : कंडक्टरकडे सुटे मागायचे आहेत, गाइडकडे सही मागायची आहे.

दुसरी वाट मला सुरेश कनगराजा यांनी दाखवली. जाफना विद्यापीठात, युद्धाच्या काळात, ते अमेरिकी पाठ्यपुस्तक वापरून इंग्रजी शिकवत होते. वर्ग संपल्यावर त्यांनी विद्यार्थ्यांची पुस्तकं परत घेतली आणि समासात काय लिहिलंय, कोणती चित्रं काढलीत, पाठातल्या गोऱ्या पात्रांना कोणते कपडे चढवलेत हे अभ्यासलं. वर्गात गप्प बसणारी मुलं समासात बोलत होती. मात्र हीच मुलं दुसरीकडे परीक्षेपुरतं व्याकरण शिकवा अशी मागणीही करत होती, हे कनगराजा लपवत नाहीत. समासातल्या प्रत्येक रेघेला ‘प्रतिकार’ म्हणायचं त्यांनी टाळलं. मला एकच शंका राहते : शिक्षकही तेच आणि संशोधकही तेच, तर मुलांच्या चित्रांचा अर्थ लावताना त्यांना स्वतःचा वर्ग किती नीट दिसला असेल? त्यांनी यावर लिहिलं आहे, पण माझं पूर्ण समाधान झालं नाही. तरी ‘रेझिस्टिंग लिंग्विस्टिक इम्पीरिअलिझम’ (१९९९) मधलं हे प्रकरण आधी वाचा, फिलिप्सन नंतर वाचला तरी चालेल.

ते वाचून मी जुन्या पुस्तकांच्या दुकानांत बसू लागले. आपल्याकडे समासात चित्रं कमी, ‘इम्प’ जास्त. कुठल्या वर्षी प्रश्न आला होता त्याची नोंद, शब्दावर मराठी अर्थ, आणि कुणाचं तरी नाव कोरून मग खोडलेलं. व्याकरणाची पानं काळीनिळी झालेली. आणि पीटरच्या आईचा चहा ज्या पानावर होता, माझ्या तक्त्यात ज्याला मी ‘सांस्कृतिक वर्चस्वाचं ठळक उदाहरण’ म्हटलं होतं, ते पान बहुतेक प्रतींत कोरं करकरीत. एका प्रतीत वर लिहिलेलं : ‘येत नाही’. म्हणजे परीक्षेला येत नाही. आता कोरं पान म्हणजे वाचलंच नाही असं सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण वाचणाऱ्याला न विचारता मी आठ महिने त्याच्यावर वर्चस्व होताना मोजत होते, हेही तितकंच खरं.

नवीन सिनॉप्सिसमध्ये तक्ता नाही. प्रश्न एवढाच : मराठी घरात अदब शिकलेला विद्यार्थी इंग्रजीत विनंती करताना ती अदब कुठे ठेवतो, आणि इंग्रजीचं पुस्तक त्याला त्यात मदत करतं की त्याची वाट अडवतं. समितीत काय होतं ते कळेलच.

लातूरच्या एका दुकानात मिळालेली एक प्रत मात्र मी परत ठेवू शकले नाही. संभाषणाच्या धड्यात ‘वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?’ असं वाक्य होतं. त्याखाली कुणीतरी पेन्सिलीने आधी अर्थ लिहिला होता, ‘खिडकी उघडायला तुमची काही हरकत आहे का?’ आणि त्यापुढे, बारीक अक्षरात, ‘मग हो म्हणायचं का नाही म्हणायचं?’ दुकानदाराने तीस रुपये सांगितले. मी घासाघीस केली नाही.